कच्चा आवाज

आई सिनेमा सांगायची.

सगळ्या इमारतीत सिनेमाचं वेड एकट्या आईला, आणि बाकीच्या बायकांना घरातून पाय काढायची सोय नाही. कुणाचं तान्हं मूल, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाचा नवरा तिरसट. मग आई जायची, बघून यायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून सगळ्यांना सांगायची. बायका शेंगा सोलत, बटणं लावत ऐकायच्या. आई नायक व्हायची, नायिका व्हायची, वेळ पडली तर दाराची कडीसुद्धा व्हायची. आणि मारामारी आली, बर्फातलं गाणं आलं, घोड्यांची फौजच्या फौज धावत आली, की हात झटकून म्हणायची, "मग मारामारी झाली. ते जाऊ दे." की गोष्ट पुढे सुरू. एकदा वरच्या मजल्यावरच्या काकूंना योग आला. त्या खरंच थिएटरात जाऊन तोच सिनेमा बघून आल्या आणि जिना चढता चढता म्हणाल्या, "छे बाई, तुमचाच चांगला होता."

त्या पायऱ्यांवर आईला चिकटून बसणारी मुलगी मोठी होऊन सिनेमाची संकलक झाली, यात नवल कसलं. चित्रीकरण झालेलं सगळं तिच्यापुढे येऊन पडतं, डोंगरच असतो तो, आणि त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं ते ती बघते. धंद्यात तिला सगळे कात्री म्हणतात. आता कापायला कात्री लागत नाही, सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. नव्याने आलेल्या मुली विचारतात, ताई, कुठे कापायचं हे तुम्हाला कळतं कसं? ती काहीतरी जड जड बोलून वेळ मारून नेते. खरं उत्तर सोपं आहे. जिथे आई "ते जाऊ दे" म्हणाली असती, तिथे.

मास्तरांचा सिनेमा तिच्या हातात आला तेव्हा तो लहान होता. मास्तर म्हणजे दिग्दर्शक. आधी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. एकच गोष्ट काखेत घेऊन बरीच वर्षं दारोदार फिरले होते. बांध फुटून वाहून गेलेल्या एका गावाची ती गोष्ट. खूप वर्षांनी नातू त्या ओसाड जागी परत जातो, बरोबर आजीच्या आवाजाची जुनी कॅसेट. आजी पडद्यावर दिसतच नाही. ती नुसती बोलते आणि नातू ऐकत फिरतो. पूरसुद्धा दिसत नाही. समोर संथ, हिरवट पाण्याचं एक डबकं, आणि त्यावर आजीचा आवाज, बस्स. "पूर दाखवायची आपली ऐपत नाही," मास्तर म्हणायचे, "म्हणून ऐकवायचा."

आता आजीच्या आवाजाशिवाय कापाकापी करायची कशी? खरी नटी नंतर येणार. तोवर कामापुरता कुणाचाही आवाज भरून ठेवतात, त्याला कच्चा आवाज म्हणतात. ऑफिसातल्या मुलींनी वाचून बघितलं, तर आजी कॉलेजात जातेय असं वाटायला लागलं. मास्तरांनी स्वतः वाचून बघितलं, तर आजी हजेरी घेतेय असं वाटलं. नेमकी त्या दिवशी आई घराची किल्ली द्यायला ऑफिसात आली होती. कात्री म्हणाली, "आई, जरा दोन पानं वाचतेस?"

भिंतीला गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद केला, आईला मध्ये बसवलं. आईने चष्मा लावला, माइककडे पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, "कच्चा म्हणजे काय गं?"

"म्हणजे आत्तापुरता. आधी कच्चा करतात, मग पक्का."

"अस्सं. मग पक्का करताना ही खरखर काढा जरा. घसा बसलाय माझा किती दिवस झाले."

"काढू," कात्री म्हणाली आणि बटण दाबलं. बोलायच्या ओघात बोलली ती. काय बोललो हे तिच्या ध्यानातही राहिलं नाही. आईच्या मात्र राहिलं.

आईने वाचायला सुरुवात केली. "पाणी आलं तेव्हा मी भांडी घासत होते. आवाज आला. म्हटलं, नळ चालू राहिला की काय. धाकट्याला हाक मारली, बघ रे जरा. तो बघायला गेला." पुढे कागदावर मोठा परिच्छेद होता. पाण्याने धाकट्याला कसं ओढलं, आजीने हात कसा पुढे केला, तो हात कसा सुटला. मास्तरांनी जीव ओतून लिहिलेला. आई तिथे थांबली. तिने चष्म्यावरून तो परिच्छेद वरपासून खालपर्यंत बघितला, आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीने हात झटकला.

"ते जाऊ दे," आई म्हणाली. "भांडी तशीच राहिली."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि परिच्छेदावर तिरकी रेघ मारली. कात्रीच्या आधी आईनेच कापलं होतं, आणि असं कापलं होतं की ती जागा कुणाच्याच मनातून जाईना. रडकं बोलली असती तर तेवढ्यापुरतं रडून लोक मोकळे झाले असते. आई तर काल बाजारातून मिरच्या आणायच्या राहिल्या, अशा आवाजात बोलली होती. आणि त्या आवाजातली ती खरखर. सगळे म्हणाले, काय खरखर आहे, मागून मिळायची नाही. ती खरखर घशातल्या गाठीची होती. ते तेव्हा कुणाला ठाऊक?

कळलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही. आईने डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भाजीवाल्याशी घासाघीस कशी करायची?" डॉक्टरांना हसावं की काय करावं ते कळेना. ऑपरेशनच्या सकाळी तिला न्यायला आले तेव्हा ती शेजारच्या खाटेवरच्या मुलीला सिनेमा सांगत होती. अर्धा झाला होता. "बाकीचा आल्यावर," आई म्हणाली, आणि गेली. बाकीचा काय सांगणार होती, कपाळ.

परत आली ती गळ्याच्या तळाशी एक भोक घेऊन. श्वास त्यातूनच घ्यायचा, त्यातूनच सोडायचा. तोंडाचा श्वासाशी संबंधच संपला. भोकावर ती पातळ रुमाल बांधायची आणि बोलायचं ते पाटीवर लिहायची. बोलायचा फार प्रयत्न केला तर ओठ हलायचे, शब्द एकही नाही, गळ्यातून नुसती शिट्टीसारखी हवा. तिला ती शिट्टी आवडायची नाही. पहिल्या आठवड्यात पाटीवर लिहिलं, "कुकर झालाय माझा." कात्री हसली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

मग तिने आपला फोन उलटापालटा केला. आईचा आवाज कुठे कुठे आहे? सापडला तो असा: येताना दूध आण. किती वेळ गं. फोन का उचलत नाहीस. गोष्ट सांगणारी आई जगात एकाच जागी उरली होती, मास्तरांच्या सिनेमात. फाइल काय, कात्रीपाशी राहिलीच असती. पण आईला फाइल नको होती. तिला पायऱ्या हव्या होत्या, भरलेल्या. आणि तिला वाटत होतं, आता सगळ्या गावाएवढ्या पायऱ्या मिळणार. इमारतीतल्या सगळ्या बायकांना तिने पाटीवर लिहून सांगितलं होतं, "सिनेमा येतोय. त्यात मी सांगणार आहे."

याच सुमाराला शेठ आले.

शेठ म्हणजे मोठमोठे सिनेमे काढणारे निर्माते. कुणीतरी त्यांना मास्तरांचं काम दाखवलं आणि त्यांना ते आवडलं. पैसा ओतायला तयार झाले. अट एकच, पूर दिसला पाहिजे. वर्षानुवर्षं जोडे झिजवलेला माणूस नाही कसा म्हणणार? मास्तर हो म्हणाले. मग एक अख्खा तलाव बांधला, त्यात गाव बांधलं, आणि ते गाव पाण्यात घातलं. छपरं वाहिली, झाडं वाहिली, एक पूल मधोमध मोडला. पाणी देखणं होतं, खोटं कशाला बोला. कात्रीने बघितलं आणि तिच्याही तोंडून वा निघालं. मग तिने ते आजीच्या बोलण्याशेजारी लावून बघितलं, आणि आजीचं बोलणं त्या पाण्यात कुठल्या कुठे वाहून गेलं.

म्हणून मास्तरांनी आणि तिने संगनमताने एक धाडस केलं. शेठना दाखवायची प्रत केली ती जुन्या पद्धतीची. पूर नाही. डबकं आणि आईचा आवाज.

छोट्या हॉलमध्ये शेठ, त्यांची बायको आणि ऑफिसातली चार माणसं बसली. "ते जाऊ दे, भांडी तशीच राहिली," हे आलं आणि शेठच्या बायकोने पर्स उघडली, रुमाल काढला. पुढच्याच रांगेत शेठ नाक ओढत होते. चांगले ढसाढसा रडले ते. कात्रीने अंधारात मास्तरांचा हात दाबला. जिंकलो, असं तिला खरंच वाटलं.

दिवे लागले. शेठनी डोळे पुसले, चष्मा पुसला, पाणी प्यायले. म्हणाले, "फार सुंदर. फार म्हणजे फार सुंदर. आता पूर घाला."

मास्तर म्हणाले, "शेठ, पण तुम्ही रडलात."

"रडलो ना. मी आत बसलो होतो म्हणून रडलो. लोकांना आधी आत आणायचं कुणी? तुमच्या डबक्याचं पोस्टर लावू? लोक तिकीट काढतात ते पाणी बघायला, मास्तर. रडायचं ते नंतर."

"गोष्ट नसेल तर पाणी नुसतंच पाणी आहे."

"आणि पाणी नसेल तर तुमची गोष्ट नुसतीच तुमची आहे." शेठ काही रागाने बोलत नव्हते, आणि तीच तर पंचाईत होती. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. "दुसरं, आजीचा आवाज. मोठ्या बाई हो म्हणाल्यात. पोस्टरवर त्यांचं नाव जाणार, वितरकांना तसा शब्द गेलाय."

मोठ्या बाई म्हणजे पडद्यावरच्या जुन्या, मानाच्या नटी. त्यांचा आवाज शेंबडं पोरसुद्धा ओळखेल.

ती दुसऱ्या दिवशी एकटीच शेठच्या केबिनमध्ये गेली. सगळं सांगितलं. तो आवाज आईचा आहे, आईला आता आवाज नाही, तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय. सांगताना आपण हात जोडलेत हे तिला नंतर कळलं. शेठ ऐकता ऐकता उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी. तो माणूस रडका होता, त्याला कोण काय करणार. म्हणाले, "मला आधी का नाही बोललीस? हॉस्पिटलचं काय लागेल ते सांग. मोठ्या डॉक्टरला दाखवू. त्या आवाजाचं सोडून काय हवं ते माग, पोरी. ते माझ्याही हातात नाही राहिलं."

संध्याकाळी घरी फळांची एवढी मोठी टोपली आली. आईने पाटीवर लिहिलं, "शेठ चांगले आहेत."

कात्रीने मग एक वाक्य तरी ठेवा म्हणून मिनतवारी केली. फक्त ते एक, "ते जाऊ दे". शेठ त्याला तयार झाले. पण आवाजांचं मिश्रण करणारा, ज्याला सगळे कानसेन म्हणायचे, त्याने हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाला, "ताई, मी तुमच्यासाठी जीव टाकीन. पण एकाच आजीचे दोन आवाज? लोक म्हणतील, कुणीतरी मध्येच बोललं." त्याचं म्हणणं खरं होतं. उद्या दुसऱ्या कुणाच्या सिनेमात असं कुणी केलं असतं तर कात्रीनेच ते कापलं असतं. शेवटी पदरात पडलं ते एवढंच, की शेवटच्या नामावलीत, विशेष आभारांत, चहा पुरवणाऱ्याच्या खाली आणि गाड्या पुरवणाऱ्याच्या वर, आईचं नाव.

मोठ्या बाई आवाज द्यायला आल्या. वाईट बाई असती तर बरं झालं असतं, मनातल्या मनात चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांनी आधी कच्चा आवाज ऐकायला मागितला. एकदा ऐकला, दोनदा ऐकला. मग कानसेनला म्हणाल्या, "ही कोण आहे? हिच्यासारखं मला नाही जमायचं." कात्री कोपऱ्यात उभी होती. आता बोलावं, असं तिच्या ओठांवर आलं. बोलून काय झालं असतं? बाईंनी हळहळ व्यक्त केली असती, आणखी एक फळांची टोपली आली असती. तिने बाईंपुढे आजीच्या बोलण्याचे कागद ठेवले.

आणि बाईंना जमलं. नाही म्हणता म्हणता असं जमलं की कात्रीच्या अंगावर काटा आला. आई जिथे थांबली तिथे त्या थांबल्या, आई जिथे श्वास घ्यायची तिथे त्यांनी श्वास घेतला. घशात ओढून ओढून खरखरसुद्धा आणली. "ते जाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि हातही झटकला, जो माइकला दिसत नाही. दागिना वितळवून दुसरा घडवावा, सोनं तेच, तसं झालं ते. काम झाल्यावर पद्धतीप्रमाणे कानसेनने बाईंच्या आवाजावर पक्का असा शिक्का मारला आणि कच्चा सिनेमातून काढून टाकला.

आता आईला सांगायचं. कात्री रोज ठरवायची आणि रोज भाजीबद्दल बोलायची. एका सकाळी तिने धीर केला. आई ओट्यापाशी चहा गाळत होती. कात्री तिच्या पाठीला म्हणाली, "आई, तुझा तो आवाज होता ना, तो कच्चा होता गं. कच्चा आवाज शेवटी..."

आईने गाळणी ठेवली, हात पुसले, पाटी घेतली. लिहिलं, "माहीत आहे. आधी कच्चा, मग पक्का. झाला ना पक्का?"

कधीकाळी बोललेलं आपलंच वाक्य असं चहाच्या कपाबरोबर समोर येईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आईला वाटत होतं, पक्का करतात म्हणजे तिचाच आवाज धुऊनपुसून कायमचा करतात. लग्न पक्कं होतं तसा. शब्द साधा, अर्थ सरळ. धंद्यातल्या लोकांनी त्याचा उलटा अर्थ लावून ठेवला, त्यात तिची काय चूक?

"झाला ना?" आईने पाटीवर बोट आपटलं.

"झाला," कात्री म्हणाली.

आईने खाली आणखी लिहिलं, "खरखर काढली?"

"काढली."

झालं. एका शब्दाची गाठ होती, तिची निरगाठ झाली.

सिनेमा आला आणि धो धो चालला. पहिल्या आठवड्यात लोक पाणी बघायला गेले. दुसऱ्या आठवड्यापासून बायकांच्या झुंडी "ते जाऊ दे" ऐकायला जायला लागल्या. वाक्य घरोघरी झालं. बसमध्ये सुटे नसले की कंडक्टर म्हणायचा, ते जाऊ दे, भांडी तशीच राहिली. शेठनी मुलाखतीत सांगितलं, "लोकांना भव्यता हवी असते, आम्ही हात आखडता घेतला नाही." मास्तरांनी दुसऱ्या मुलाखतीत सांगितलं, "लोकांना गोष्ट हवी असते, पूर तर आम्ही नाइलाजाने घातला." टीव्हीवर दोघांना समोरासमोर बसवून वाद घातला गेला, सिनेमा चालतो तो पैशाने की गोष्टीने. मोठ्या बाईंना ते वाक्य कसं सुचलं असं विचारलं, तर त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, मला नाही सुचलं, आधीपासून होतं तिथे. ते मास्तरांच्या खात्यावर गेलं. मास्तरांनी त्या रात्री कात्रीला फोन केला आणि बराच वेळ नुसते हं, हं करत राहिले. तिनेच शेवटी फोन ठेवला.

आईला नेणं ती लांबवत राहिली. तिकिटंच मिळत नाहीत म्हणायची, आणि ते खरंही होतं. पण वरच्या काकू स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. त्या आपल्या सुनेबरोबर जाऊन बघून आल्या आणि तडक आईकडे आल्या. कात्री घरीच होती. तिचा जीव मुठीत. काकू आईचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "काय लागलाय हो आवाज तुमचा! पहिल्या शब्दाला ओळखला मी. सगळं थिएटर रडत होतं. म्हटलं, आम्ही हे पायऱ्यांवर फुकट ऐकलंय." बाईंनी नक्कल इतकी बेमालूम केली होती की काकू फसल्या, की काकूंना कळलं होतं आणि त्या मन राखत होत्या, हे कात्रीला आजतागायत कळलेलं नाही. विचारायची तिची छाती झाली नाही. आई मात्र लाजली. या वयात लाजली. आणि पाटीवर लिहिलं, "मला कधी?"

दुपारच्या खेळाची तिकिटं काकूंनीच आणली. आईने ठेवणीतले कपडे काढले, गळ्याला नवा रुमाल बांधला, निळा. थिएटरात ती दोघींच्या मधे बसली. कात्रीला वाटत होतं, अजून सांगता येईल. दिवे जायच्या आत. जाहिराती संपायच्या आत. मग सिनेमा सुरू झाला आणि तिला वाटलं, आजी पहिल्यांदा बोलते तेव्हाच आईला कळेल, मग मी तिचा हात धरीन.

आजी पहिल्यांदा बोलली. आईने मान तिरकी केली. कानात काही अडकल्यासारखी थोडी हलवली. कात्रीकडे बघितलं नाही. नातू चालत राहिला, आजी बोलत राहिली, आणि आई अगदी ताठ बसून ऐकत राहिली. कात्रीने अंधारात तिचा हात शोधला. तो मांडीवर नव्हता, खुर्चीच्या दांड्यावरही नव्हता.

पूर आला. छपरं वाहिली, पूल मोडला, पुढच्या रांगेतली पोरं ओरडली. आईने हवेत हात झटकला, पूर्वी मारामारीला झटकायची तसा. मग एकदम पाणी ओसरलं, हॉल शांत झाला.

"पाणी आलं तेव्हा मी भांडी घासत होते," पडद्यावरून आवाज आला.

आईचे ओठ हलायला लागले. कात्रीला पडद्याच्या उजेडात ते स्पष्ट दिसलं. आवाज आला. म्हटलं, नळ चालू राहिला की काय. एकेक शब्द, त्याच थांब्यांनी, त्याच चालीने. आई पुढे झुकली होती. आता तिला थांबवता येत नव्हतं, तिला सांगायचं होतं. पायऱ्या भरलेल्या होत्या, सगळे ऐकायला बसले होते, आणि गोष्ट तिची होती. तिने जोर लावला. निळा रुमाल फडफडला आणि गळ्यातून शिट्टीसारखी हवा निघाली. पुन्हा निघाली. शांत हॉलमध्ये ती लांबपर्यंत ऐकू गेली.

मागच्या रांगेतून कुणीतरी बाई पुढे वाकली. रडून तिचा आवाज भरून आला होता. ती अगदी अजिजीने, हळू बोलली.

"अहो काकू, तो आवाज करू नका ना. आता ते 'जाऊ दे' येतंय. ऐकू द्या ना जरा."

कात्री मागे वळली. तोंड उघडलं. काय सांगायचं होतं, कुठून सुरुवात करायची होती? वरच्या काकू पडद्याकडे बघत राहिल्या, डोळ्यांना पदर लावून.

आईने मान हलवली, बरं, अशी. मग तळहात रुमालावर ठेवून गळ्याचं भोक घट्ट दाबून धरलं, म्हणजे आवाज होणार नाही. श्वास घ्यायला तिला तेवढीच एक जागा होती. कात्रीने तो हात सोडवायला बघितलं, पण पडद्यावरचं वाक्य संपेपर्यंत आईने तो काढू दिला नाही.